घरच्या अंड्याचा रास्त भाव कसा काढायचा

अंडी विकायला काढली की पहिला प्रश्न भावाचा. बहुतेक घरांत त्याचं उत्तर शेजारणीला विचारून मिळतं, आणि शेजारणीनेही ते दुसऱ्या कुणाला तरी विचारूनच ठरवलेलं असतं. दुसरा रस्ता दुकानातल्या ट्रेवर नजर टाकून त्यावर दोन-तीन रुपये चढवायचा. दोन्हींत कोंबडीने वर्षभरात काय खाल्लं आणि काय दिलं, याचा पत्ता नसतो. दुकानातली अंडी मोठ्या लेअर फार्मची, म्हणजे फक्त अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्यांची असतात, गोव्यात ती बहुतेक घाट उतरून येतात, आणि त्यांचा घाऊक भाव एनईसीसी (राष्ट्रीय अंडी समन्वय समिती) रोज शेकड्यावर जाहीर करते. तिथली कोंबडी पिंजऱ्यात बसून वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. पेडण्यातल्या किंवा सत्तरीतल्या परसात फिरणारी गावठी कोंबडी त्याच्या निम्मीही देत नाही. तेव्हा तो भाव तुमच्यासाठी बातमी आहे, मोजपट्टी नाही.

भाव काढायला दोन आकडे लागतात: वर्षाचा खर्च आणि वर्षात विकण्याजोगी अंडी. खर्च सगळेच थोडाफार मोजतात. घोटाळा होतो तो अंड्यांच्या आकड्यात.

वर्षाची अंडी मोजताना

डिसेंबर-जानेवारीत गारवा असतो, कोंबड्या जोरात असतात. चांगल्या जातीची कोंबडी आठवड्याला पाच अंडी घालते. मालक पाचाला बावन्नने गुणतो आणि २६० चा आकडा मनात धरून बसतो. पण एप्रिल-मेच्या उष्म्यात कोंबडी खाणं कमी करते, अंडी घटतात. जून-जुलैत दिवसभर आभाळ, खुराडं ओलं, अंधार. मग पिसं गाळायचे दिवस येतात आणि दोन-तीन महिने अंड्यांची टोपली जवळजवळ रिकामी. चांगली अंडी यायला कोंबडीला दिवसाला १४ ते १६ तास उजेड लागतो. गोव्यात सर्वांत लांब दिवस १३ तासांचा आणि सर्वांत लहान सव्वाअकराचा. खुराड्यात पहाटे दोन-तीन तास छोटा एलईडी बल्ब लावला तर फरक पडतो.

परसात फिरवून, वरून थोडा दाणा घालून, साधारण असं धरा:

गावठी कोंबडी: वर्षाला ५० ते ८० अंडी. दहा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक बसते. अंड्यांवर २१ दिवस, मग पिल्लांमागे दीड-दोन महिने. तेवढे दिवस अंडं नाही.

वनराजा: १०० ते ११०. मांस आणि अंडी दोन्हींसाठीची जात.

ग्रामप्रिया: १५० च्या पुढे, सांभाळ नीट असेल तर. खुडूक सहसा बसत नाही.

हे आकडे फक्त सुरुवातीला धरायचे. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर रोजच्या चौकोनात त्या दिवशीची अंडी लिहायला लागा. वर्षाने जी बेरीज येईल तीच खरी. घरात खाल्लेली आणि पाहुण्यांना दिलेली अंडीही त्यात लिहायची. ती फुकट आलेली नसतात, त्यांचा दाणा तुम्हीच घातलेला असतो.

या बेरजेतून फुटलेली, फार मळलेली, कावळ्याने पळवलेली, झुडपात घातल्यामुळे आठवडाभराने सापडलेली अंडी वजा करा. शंभरात आठ-नऊ तरी अशी जातात.

बारा ग्रामप्रियांचा हिशेब

खालचे दर नमुन्याचे आहेत. तुमच्या पावत्यांवरचे घालून हाच हिशेब पुन्हा करा.

१५ पिल्लं आणली, प्रत्येकी ४० रुपये: ६००. त्यातल्या १२ तलंगा (पहिल्यांदा अंडी घालू लागणाऱ्या तरुण कोंबड्या) अंड्यावर आल्या. पाच महिने होईपर्यंत सरासरी १३ पक्ष्यांनी प्रत्येकी ६ किलो, म्हणजे ७८ किलो खाद्य खाल्लं. ३५ रुपये किलोने २,७३०. मानमोडी (रानीखेत) आणि देवीची लस, उबेचा बल्ब, जंताचं औषध: ४५०. एकूण ३,७८०. वर्षअखेरीस १० कोंबड्या शिल्लक राहिल्या आणि २५० ने गेल्या, तर २,५०० परत येतात. म्हणजे पक्षी तयार करण्याचा निव्वळ खर्च १,२८०.

अंड्यावर असतानाचं वर्ष. दोन कोंबड्या मुंगूस, उदमांजर किंवा अजगर नेणार हे धरून सरासरी ११ पक्षी मोजा. परसातल्या किड्या-पाल्याव्यतिरिक्त रोज प्रत्येकी ७० ग्रॅम दाणा. वर्षाला २८१ किलो. लेअर मॅश (अंड्यांच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) आणि तांदळाची कणी-कोंडा मिळून सरासरी ३२ रुपये किलो पडला, तर सुमारे ९,०००.

लस-औषधं ५००.

खुराडं: चिऱ्यांचं जोतं, जाळी, वर पत्रा, मिळून ९,०००. पाच वर्षं टिकेल असं धरून वर्षाला १,८००. पावसाआधीची डागडुजी ४००. म्हणजे २,२००.

एकूण १२,९८०. अंडी ११ गुणिले १५०, म्हणजे १,६५०. त्यातली १५० वाया. राहिली १,५००. एका अंड्यामागे ८ रुपये ६५ पैसे.

आता हाच खर्च कोंबडीमागे ती २६० अंडी धरून भागून पाहा. साडेचार रुपये येतात. मालक खुशीत येऊन सात रुपयांनी अंडी विकतो, गिऱ्हाईकं वाढतात, आणि वर्षाने दाण्याचं बिल कुठून भरायचं ते कळत नाही. 'कोंबड्या परवडत नाहीत' असं म्हणत खुराडं मोडलेली घरं पाहिलीत तर बहुतेकांचं गणित इथेच चुकलेलं असतं.

मेहनत अजून धरलेली नाही. खुराडं उघडणं, बंद करणं, पाणी, दाणा, झाडलोट, अंडी गोळा करणं मिळून रोजची पंचवीस मिनिटं सहज जातात. मजुराला दिवसाला ४८० रुपये देता असं धरलं तर तासाला ६०, म्हणजे मिनिटाला रुपया. वर्षाचे ९,१२५ रुपये, अंड्यामागे ६ रुपये ८ पैसे. दोन्ही मिळून १४ रुपये ७४ पैसे. पंधरा म्हणा.

घरच्या बाईच्या श्रमाला हिशेबात शून्य लिहायची आपली जुनी खोड आहे. ते शून्य धरून काढलेला भाव घरापुरता चालून जातो, पण मग हा धंदा आहे असं म्हणू नये. पदरी काहीतरी पडावं म्हणून मेहनतीचा निम्माच आकडा धरला तरी हरकत नाही, पण तो ठरवून धरा. या हिशेबात ८.६५ हा तळ, १५ हा रास्त भाव. घासाघीस झालीच तर या दोन आकड्यांच्या मध्ये.

स्वस्त दाण्याने अंडं महाग होतं

खर्च कापायचा म्हटलं की पहिला हात लेअर मॅशवर जातो. नुसती कणी आणि कोंडा घातला तर किलोला सात रुपये वाचतात; २८१ किलोवर जवळजवळ दोन हजार. पण लेअर मॅशमध्ये १६ ते १८ टक्के प्रथिनं असतात आणि कणीत त्याच्या निम्मीही नाहीत. अंडी १,५०० वरून हजारावर आली, तर उरलेला ११,००० चा खर्च हजार अंड्यांवर बसतो: अंड्यामागे ११ रुपये. दोन हजार वाचवून अंडं २ रुपये ३५ पैशांनी महाग केलं.

कॅल्शियमवर मात्र पैसे घालवायची गरज नाही. अंड्याच्या एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असतं आणि ते कोंबडीला रोज कुठून तरी मिळायला हवं. गोव्यात तिसऱ्या-खुब्यांची (खाण्याच्या शिंपल्यांची) कवचं घरोघरी फेकली जातात. ती धुऊन, चुलीत नाहीतर तव्यावर चांगली भाजून, ज्वारीच्या दाण्याएवढी कुटा आणि वेगळ्या वाडग्यात ठेवा. दाण्यात मिसळू नका. जिला लागेल ती टिपते. कवच पातळ यायला लागलं की फूट वाढते, आणि फुटलेलं प्रत्येक अंडं बाकीच्यांचा भाव चढवतं.

गावठीचं गणित वेगळं

दहा गावठी कोंबड्या, रोज ४५ ग्रॅम कणी-कोंडा, २५ रुपये किलो: वर्षाला ४,१००. खुराडं २,२००, औषधं ५००. एकूण ६,८००. अंडी ६००, पन्नास वाया, साठ उबवायला बसवली, विकायला ४९०. अंड्यामागे १३ रुपये ८८ पैसे. वर मेहनत १८ रुपये ६२ पैसे. मिळून साडेबत्तीस. एवढे कोणी देत नाही, आणि मागूही नयेत.

कारण गावठी कोंबडीची खरी कमाई अंड्यात नाही, पिल्लांत आहे. बसवलेल्या साठांतून चाळीसेक पिल्लं निघतात, पंचवीसेक मोठी होतात, त्यांतले कोंबडे शागुतीसाठी (गोव्याकडच्या कोंबडीच्या रश्श्यासाठी) चांगल्या भावाने जातात. म्हणून कोंबडीचा खर्च आणि मेहनत निम्मी अंड्यांवर, निम्मी पक्ष्यांवर टाका. अंड्याच्या वाट्याला १६ रुपये २५ पैसे येतात. वाढत्या पिल्लांचा दाणा पूर्ण पक्ष्यांच्या खात्यात. तुम्ही पिल्लं विकतच नसाल आणि केवळ अंड्यांसाठी गावठी पाळत असाल, तर तो शौक आहे. शौकाचा भार गिऱ्हाइकावर कशाला टाकायचा?

वजन करा

दुकानातलं अंडं ५५ ग्रॅमचं, गावठी ३५ ते ४५ ग्रॅमचं. सात रुपयांचं ५५ ग्रॅमचं अंडं किलोला १२७ रुपये पडतं. सोळा रुपयांचं ४० ग्रॅमचं गावठी किलोला ४००. हा फरक गिऱ्हाईक हातात घेतल्याबरोबर ओळखतं, म्हणून लपवण्यात अर्थ नाही. साधा डिजिटल काटा घ्या आणि दोन ढीग करा: ४५ ग्रॅमच्या वरची आणि खालची. लहान ढिगाला दोन रुपये कमी. तलंगांची पहिली अंडी तीस-पस्तीस ग्रॅमची असतात. ती पूर्ण भावाने दिलीत तर ते गिऱ्हाईक परत फिरकत नाही.

नाताळचा केक करणाऱ्यांना हे आधीच सांगा: कृतीत चार अंडी असतील तर ती दुकानातली, म्हणजे २२० ग्रॅम. गावठी साडेपाच लागतील. बेबिंक (गोव्याचा थराथरांचा गोड पदार्थ) करणाऱ्यांची गोष्ट उलटी. त्यांना नुसते बलक हवे असतात, लहान अंड्यात बलकाचं प्रमाण थोडं जास्त असतं आणि रंगही त्यांना गडद हवा असतो. तो रंग जातीने येत नाही, खाण्याने येतो: मक्याची भरड, शेवग्याचा म्हणजे मशिंगाचा पाला, हिरवं गवत.

कोणत्या नावाने विकता

पांढरी अंडी चहाच्या पाण्यात बुडवून गावठी म्हणून खपवण्याचे प्रकार होतात, त्यामुळे गिऱ्हाईक आधीच संशयी असतं. ग्रामप्रियाचं तपकिरी अंडं 'गावठी' म्हणून विकू नका. 'घरच्या मोकळ्या कोंबडीचं' म्हणा. तेही खरं आहे आणि त्यालाही भाव मिळतो. जंताचं औषध किंवा प्रतिजैविक दिलं असेल तर बाटलीवर लिहिलेले दिवस पूर्ण होईस्तोवर अंडी विकायची नाहीत. अशा दिवसांत 'औषध नाही हो' असं सांगून दिलेलं अंडं कुठल्याही भावाला महागच.

चढ्या भावात ताजेपणाची हमीही धरलेली असते. कोंबड्या बहुतेक सकाळीच घालतात, तेव्हा अकराला एकदा आणि चारला एकदा गोळा करा. चार-पाच कोंबड्यांमागे फूटभर लांबी-रुंदीची एक पेटी, आत सुकं भाताचं गवत. ते भिजलं की अंडी मळतात. मळलेलं अंडं काथ्याने कोरडंच घासा. धुतलं की वरचा नैसर्गिक लेप जातो, आणि गार पाण्याने धुतलं तर बारीक छिद्रांतून घाण आत खेचली जाते. उन्हाळ्यात बाहेर ठेवलेलं अंडं आठवड्याच्या आत विका, किंवा पहिल्या दिवसापासून फ्रिजमध्ये ठेवा. अधूनमधून प्रत्येक ढिगातलं एखादं पाण्यात टाकून बघा: आडवं तळाला बसलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं, तरंगलं तर विकायचं नाही.

कळपात कोंबडा असेल तर आणखी एक गोष्ट. अंडं फलित असतं, आणि मे महिन्यातल्या ३३ अंशांत ते टोपलीत पडल्यापडल्याच वाढायला लागतं. काही दिवसांत बलकावर लाल धागे दिसू शकतात. तवा तापवून अंडं फोडणाऱ्याला ते दिसलं की पुढचा डझन गेला. खाण्याची अंडी विकायची तर कोंबडा वेगळा ठेवा, नाहीतर अंडी रोजच्या रोज फ्रिजमध्ये.

उबवायला अंडी मागणारे वेगळे. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा असेल तर गावठीची अंडी त्यांना चढ्या भावाने द्यायला हरकत नाही. मर्यादा सोपी आहे: दहांतून सहा-सात पिल्लं धरा. पिल्लू बाजारात ४० ला मिळत असेल तर अंड्याला २० पर्यंत. त्याला पिल्लू तिसाच्या आसपास पडतं आणि वर २१ दिवसांची वाट. ग्रामप्रियाची अंडी मात्र उबवायला देऊ नका. ती संकरित आहे, पिल्लांत आईचे गुण तसेच उतरत नाहीत, आणि वर्षाने शिव्या तुम्हाला बसतात.

गिऱ्हाईक आणि वार

दारावरून नेणाऱ्याला मूळ भाव. डबा स्वतःचा आणला तर १५. सहाचा पुठ्ठ्याचा खोका हवा असेल तर खोक्याची किंमत वेगळी, साधारण अंड्यामागे रुपया. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा फोंड्याच्या बाजारात बसणार असाल तर सोपो (बाजारात बसायची पट्टी), बसभाडं आणि तिथे गेलेली सकाळ त्या दिवशी विकलेल्या अंड्यांवर टाका. चाळीस अंड्यांसाठी गेलात तर अंड्यामागे चार-पाच रुपये त्यातच जातात. भाजी, नारळ, अळसांदे बरोबर असतील तरच ती फेरी परवडते.

दुकानात ठेवताना एक चूक हमखास होते. दुकानदार विक्रीच्या भावावर २० टक्के मागतो. तुम्हाला १५ हवेत, म्हणून तुम्ही १५ वर २० टक्के चढवून १८ सांगता. त्याने १८ चे २० टक्के कापले की तुमच्या हाती १४ रुपये ४० पैसे येतात. १५ ला ०.८० ने भागा: १८ रुपये ७५ पैसे. फुटलेली आणि न खपलेली कोणाच्या अंगावर, तेही पहिल्याच दिवशी बोलून घ्या.

मोरजी, मांद्रे, आगोंदकडच्या होमस्टेवाल्यांना घासाघीस करण्यापेक्षा खात्री हवी असते. ऑक्टोबर ते मार्च हा त्यांचा हंगाम, आणि त्यातले थंडीचे महिने कोंबड्यांच्याही जोराचे. आठवड्याच्या सरासरी अंड्यांपैकी सत्तर टक्क्यांपर्यंतच कबूल करा. जास्त कबूल करून ऐनवेळी दुकानातली मिसळणारे आहेत, आणि स्वयंपाकी ते पहिल्या ऑम्लेटला ओळखतो.

सोमवारी-गुरुवारी कितीतरी घरं शिवराक (शाकाहारी) असतात, श्रावणात तर महिनाभर, पुढे गणेश चवथीपर्यंत. अंडी पोचवायचे दिवस बुधवार आणि शनिवार ठेवा. श्रावणात भाव पाडू नका. पावसात अंडी तशीही कमीच असतात, आणि ख्रिस्ती शेजारी व हॉटेलं घेतच असतात. उरलीच तर फ्रिजमध्ये तीन आठवडे आरामात राहतात. नाताळात मागणी उसळते म्हणून दहा दिवसांसाठी भाव चढवणंही टाळा. बारमाही गिऱ्हाइकाला वर्षभर एकच भाव हवा असतो, आणि तुमचा हिशेबही वर्षाचाच आहे.

उधारी महिन्यापेक्षा जास्त नको. दोन डझनांवर गेली की ती मागताना तुम्हालाच लाज वाटते.

भाव कधी बदलायचा

दाणा महागला म्हणून दर वेळी भाव हलवायचा नाही. या कळपाला वर्षाला २८१ किलो लागतो. ५० किलोचं पोतं १०० रुपयांनी चढलं तर किलोला २ रुपये, वर्षाला ५६२, अंड्यामागे ३७ पैसे. तेवढ्यासाठी गिऱ्हाइकाला तोंड देण्यात अर्थ नाही. पोतं तीनशेने चढलं की रुपया वाढवा आणि आधीच्या आठवड्यात सांगून ठेवा, पोत्याच्या दोन्ही पावत्यांसकट. कोंबड्या दुसऱ्या वर्षात गेल्या की मात्र हिशेब नव्याने करा: अंडी पहिल्या वर्षापेक्षा कमी होतात, वजनाने मोठी येतात, फूट वाढते, आणि दाणा तेवढाच लागतो. १,५०० ची १,२०० झाली तर फक्त खर्चाचाच भाग ८.६५ वरून पावणेअकरावर जातो. तेव्हा भाव चढवण्याऐवजी निम्म्या कोंबड्या विकून जून-जुलैत नवी पिल्लं आणलेली बरी. ती नाताळापर्यंत अंड्यावर येतात.